खाडीकाठच्या वर्गातली हजेरी

श्रीवर्धनला लोक समुद्र बघायला जातात. मी गेलो एक पुस्तिका बघायला. पुस्तिका माझीच होती, म्हणजे मूळ इंग्रजी आणि मराठी माझं. ‘मन खंबीर, शाळा खंबीर’ हे नाव मात्र माझं नाही. ते पुस्तिका छापणाऱ्या संस्थेतल्या कुणाला तरी सुचलं आणि मी विरोध करायच्या आत छापूनही झालं. विषय होता युद्धकाळात शाळेतल्या मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी.

पुस्तिका ज्यांनी मुळात लिहिली ते अनुभवी लोक असावेत. भोंगा वाजल्यावर मुलांना तळघरात कसं न्यावं, तिथे गाणी कोणती म्हणावीत, बॉम्बचा आवाज आल्यावर श्वास कसा घ्यावा, सगळं नीट लिहिलं होतं. आपल्याकडे किनाऱ्यावर बॉम्ब पडत नव्हते. ते आखातात पडत होते, आणि दक्षिण रायगडातल्या घराघरातले बाप, काका, मोठे भाऊ तिथे कामाला होते: कुणी तेलाच्या कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी बोटींवर. बॉम्ब तिकडे आणि मुलं इकडे, अशा युद्धावर पुस्तिकेत एकही पान नव्हतं. हे मी संस्थेला कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, ‘छान निरीक्षण. तुम्ही स्वतःच आमच्या समुपदेशक ताईंबरोबर चला ना.’ निवृत्त माणसाने निरीक्षणं कळवू नयेत.

ताईंचं नाव मुग्धा. वय अठ्ठावीस, गाव डोंबिवली, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी. पिशवीत हसऱ्या, रडव्या आणि रागीट चेहऱ्यांचे पुठ्ठे. ते बघून माझं मत झालं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

गाडी काशिनाथची. हा उरणकडचा आगरी गडी. एरवी बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. पनवेल सोडल्यावर न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागून उभ्या असलेल्या ट्रेलरांच्या रांगेकडे त्याने हात केला.

“बगा सायेब, ही रांग. बोटी येत न्हाय, त डबं कुठं ठेवाचं? मालकानं सांगितलं, काशिनाथ, घरी बस. घरी बसून मना भांडाला कोन? बायको. म्हनून तुमची गाडी.”

युद्धाचं मी ऐकलेलं सगळ्यात थोडक्यात विवेचन हेच.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने पलीकडे गेलो. बोटीत लाटेचं पाणी उडालं आणि पुस्तिकांचं एक खोकं भिजलं. मुग्धाने ते रात्रभर मुक्कामाच्या घरी पंख्याखाली वाळवलं. सकाळी पानं वाळलेल्या बोंबलासारखी वर वळली होती आणि वासही साधारण तोच होता.

सोमवार

गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. श्रीवर्धनपासून अर्ध्या तासावर खाडीच्या काठाला, सुपारीच्या वाड्यांमध्ये ते गाव आहे. निम्मी वस्ती मुसलमान, निम्मी कोळी आणि कुणबी. वाटेत सात जणांनी गाडी थांबवून ‘कुठं निघालात?’ असं विचारलं. ठाण्याला माझ्या मजल्यावर चार घरं आहेत. तिथे हा प्रश्न अकरा वर्षांत कुणी विचारलेला नाही, आणि विचारला असता तर मीच सोसायटीत तक्रार केली असती. इथे न विचारणं हा उद्धटपणा.

शाळेच्या आवाराला लागून सुपारी वाळत घातली होती. फाटकावर फलक होता: ‘मानसीक आरोग्य शिबीर’. दोन शब्दांत दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, पण ते यायला वेळ होता. तो किती हे मुख्याध्यापकांनाही माहीत नव्हतं. म्हणून आम्ही सातवीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. वर्ग भारतीबाईंचा. बाई तळा गावच्या, बदलीने इथे आलेल्या. आवाज असा की खाडीपलीकडच्या गुरांनीही वळून बघावं.

बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिली दोन मुलं नुसतं ‘हजर’ म्हणाली. मग अरहान नावाचा मुलगा उठला.

“हजर. न्हाय आला.”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “येईल!”

मग पुढची. “हजर. आला.” मग आणखी एक. “हजर. न्हाय आला.” “येईल!” श्रावणी नावाच्या कोळ्यांच्या मुलीने ‘आला’ सांगितलं. तिच्या शेजारी बसलेली मिस्बाह शेवटी उभी राहिली. उंच, सडपातळ, दोन वेण्या.

“हजर. आला.”

तेव्हा अरहानने वळून तिच्याकडे बघितलं आणि जोरात श्वास सोडला. मागच्या बाकावर मला तो ऐकू आला.

तास संपल्यावर बाईंनी खुलासा केला. युद्ध सुरू झालं तेव्हा मुलं मोबाइलवरचं काहीबाही बघून रडत वर्गात यायची. दिवसभर एकच कुजबूज: तुझ्या अब्बांचा फोन आला का, माझ्या पप्पांचा नाही आला. शिकवणं अशक्य झालं. “मग मी म्हटलं, सकाळी एकदाच काय ते सांगायचं. हजर म्हणायचं आणि फोन आला का न्हाय ते सांगायचं. आला नसेल त सगळ्यांनी ‘येईल’ म्हणायचं. आणि मग गणित. नऊ जणांचे बाहेर हायेत. तेव्हापासून रडारड बंद.”

“आणि अरहानने श्वास का सोडला?” मुग्धाने विचारलं.

“त्याचे पप्पा आणि मिस्बाहचे अब्बा एकाच टगवर हायेत ना. मोठ्या जहाजांना ओढते ती बोट. तिचे अब्बा तिथं सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, त्याचे इंजिनात. अरहानकडं फोन येत न्हाय, पण मिस्बाहकडं येतो. म्हणजे बोट ठीक. म्हणजे दोघं ठीक.”

मी खूश झालो. वहीत लिहून घेतलं आणि मुग्धाला म्हणालो, “बघा. तुमच्या अख्ख्या पुस्तिकेत हे नाही. एका बाईने एका सकाळी शोधून काढलं.”

“पुस्तिका तुमचीही आहे, सर,” ती म्हणाली.  मला वाटलं, हिला राग आला.

पाहुणे तीन तासांनी आले. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने दिवा चार वेळा विझला आणि चारही वेळा फोटो काढण्यात आले. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ याच गावचा होता आणि मी जाताना तो इथेच ठेवून जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांनी माईक धरला आणि विचारलं, “मुलांनो, तुम्ही घाबरता का?”

“नाहीऽऽ!”

“ऐकू आलं नाही!”

“नाहीऽऽ!”

“शाब्बास! हीच आपली ताकद. आमच्या काळात असली शिबिरं नव्हती, तरी आमची मनं ठणठणीत होती.” एवढं बोलून त्यांनी घाम पुसला आणि त्यांना आणखी दोन उद्घाटनं असल्यामुळे ते गेले.

दुपारी मुग्धाने पुठ्ठे काढले. पहिल्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. “ताई, तुम्ही समु-उपदेश करनार ना? मग लवकर करा, पी.टी.चा तास बुडतो.” वर्ग हसला. मुग्धाही हसली आणि म्हणाली, “उपदेश मला येत नाही. तुम्हीच कुणी येत असेल तर करा.” मग माझ्या पुस्तिकेतून तिने वाचलं: डोळे मिटा, आणि तुमची सुरक्षित जागा कुठे आहे ते मनात बघा. सगळ्या मुलांनी डोळे मिटले आणि सगळ्यांनी एकदम वर बोट दाखवलं. मूळ लेखकाला मनातला एखादा निवांत कोपरा अभिप्रेत होता. पण इथे वादळ आलं की गाव शाळेच्या ज्या वरच्या पक्क्या मजल्यावर जाऊन बसतं, त्याच्या जिन्यावर रंगाने ‘सुरक्षित जागा’ असंच लिहिलेलं आहे. मुलांचं काही चुकलं नव्हतं. अनुवादक जागा बघून आला नव्हता.

मंगळवार

मुक्कामाच्या घरी सकाळी घावन आणि नारळाचं दूध गूळ घालून. काशिनाथने सात घावन खाल्ले आणि म्हणाला, “सायेब, लढाई लांबली तरी मना चालंल.” मग ताट बाजूला सारलं. त्याचा मेहुणाही कुठल्याशा बोटीवर आहे, हे त्या वेळी कळलं.

आम्ही पुन्हा हजेरीला वर्गात बसलो. नावं पुकारणं सुरू झालं आणि मिस्बाह पोट धरून वाकली. बाईंनी शांतपणे कपाटातून ओव्याची बाटली काढली.

“रोजचंच हाय,” त्या आम्हाला म्हणाल्या. “न खाता येते. ओवा खाल्ला की बरी.”

तिने ओवा चघळला. नाव आल्यावर उठून म्हणाली, “हजर. आला.” अरहानने श्वास सोडला. पाच मिनिटांनी मिस्बाह अपूर्णांक सोडवत होती आणि तिचं पोट दुखत नव्हतं.

मुग्धाने वहीत एक ओळ लिहिली. मी तिरक्या नजरेने बघितली. लिहिलं होतं: ‘ओव्याने थांबलं की हजेरी झाल्याने?’

मधल्या सुट्टीत आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. मिस्बाह डबा घेऊन आली, थोडी लांब बसली, मग जवळ सरकली. तिच्या हातात वर वळलेली पुस्तिका होती. तिने मला विचारलं, “सर, हे तुम्ही लिहिलंत?”

“मराठीत आणलं.”

“यात खोटं बोलन्याचं कुठल्या पानावर हाय?”

मी खरोखरच पानं आठवू लागलो. मुग्धा म्हणाली, “त्यात नाहीये. तू सांग.”

 तिने भाकरीचे बारीक तुकडे केले. मग एकदम म्हणाली, “अब्बांचा फोन येत न्हाय. अकरा दिवस. अम्मी रोज सकाळी सांगते, रात्री आला होता, तू झोपली होतीस, तुला दुवा सांगितलीय.”

“मग?”

“मी झोपत न्हाय. आनि फोन माझ्या उशाखाली असतो. सकाळच्या गजरासाठी. अम्मी विसरते.”

मुग्धाने वही मिटून बाजूला ठेवली. 

“अम्मीला सांगू नका,” ती म्हणाली. “मला सांगते तेव्हा ती हसते. मी ‘न्हाय आला’ बोलले त कोनीतरी तिला सांगंल, मग तिला कळंल मला म्हाईत हाय. मग ती कोनाला सांगनार?”

“आणि अरहान?”

“त्याची अम्मी रोज संध्याकाळी येते. बोलते, तुमच्याकडं आला ना, मग आमचे पन ठीक. चहा पिते आनि जाते.” तिने डबा बंद केला. “तिला पन सांगू नका.”

घंटा झाली. ती पळत गेली.

आदल्या दिवशी वहीत कौतुकाने लिहिलेलं पान मी उघडलं. त्यावर रेघ मारायला पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं. मी मागच्या बाकावरून एक शोध बघितला होता. मुग्धाने एक मुलगी बघितली होती.

संध्याकाळी मिस्बाहच्या आईने आम्हाला घरी बोलावलं होतं. पाहुणे गावात आहेत आणि आपल्याकडे जेवले नाहीत, हे तिला पटणारं नव्हतं. घर छोटं, स्वच्छ, दारात कोंबड्या. तांदळाची भाकरी, कोळंबीचं सालन, वर सांदण. सांदण आमच्याकडेही करतात, आंब्याचं किंवा फणसाचं. इथलं पांढरंशुभ्र, नारळाच्या दुधातलं. मी तीन खाल्ली. मिस्बाहची आई हसतमुख बाई. बोलता बोलता सारखी मुलीकडे बघायची.

“अब्बांचा काल पन आला. बोलले, जेवन चांगलं मिळतं. फक्त गरमी.” मिस्बाह ताटात बघत होती. “हिला उठवनार होते, पन ही काय, मेल्यासारखी झोपते.”

“अम्मी!”

“काय खोटं बोलले?”

मिस्बाह पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेली. ती दिसेनाशी झाल्याबरोबर आईचा चेहरा बदलला. ती मुग्धाच्या जवळ वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “ताई, अकरा दिवस झाले. एक फोन न्हाय, एक मेसेज न्हाय. ऑफिसात विचारलं, ते बोलतात थांबा. हिला काही सांगू नका. परीक्षा हाय. हिला वाटतं रोज येतो. तेवढ्यावर ती शांत हाय.”

आता मुग्धाकडे दोन गुपितं होती. दोन्ही एकच होती, आणि दोन्ही न सांगण्याचं वचन होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने कोळंबी सोलावी तितक्या निगुतीने एकेक शब्द काढला.

“ताई, मी नाही सांगणार. पण तुम्ही आणि ती एका खोलीत झोपता ना? फोन रात्री कुठे ठेवता?”

“फोन? तो हाय ना, तिकडं…” आई म्हणाली आणि थांबली. मग मिस्बाह आत आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

परत येताना आम्ही भारतीबाईंच्या खोलीवर थांबलो. त्या वह्या तपासत होत्या. मुग्धाने कुणाचंही नाव घेतलं नाही.

“बाई, हजेरीत मुलांनी नुसतं ‘हजर’ म्हटलं तर चालेल का? आला, न्हाय आला, काहीच न सांगता?”

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. “म्हणजे माझं चुकलं?”

“नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मुलं बोलली. पण आता विचारलं की सांगावंच लागतं. सगळ्यांसमोर. रोज.”

“पण ‘येईल’ म्हणतात ना सगळे! किती बरं वाटतं त्यांना.”

“ज्याला बरं वाटतं त्याने सांगावं. ज्याला नाही, त्याने फक्त हजर असावं.”

बाई रागावल्या होत्या. आम्हाला चहा विचारला नाही. त्या गावात मी एवढा मोठा अपमान दुसरा पाहिला नाही. मुग्धा गाडीत बसल्यावर म्हणाली, “सर, मी फार बोलले का?” मी म्हणालो, “नाही.” आणखीही काही म्हणायला हवं होतं, पण माणसाचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही.

बुधवार

सकाळी बाईंनी हजेरीपट उघडला आणि म्हणाल्या, “आजपासून नवीन. हजर म्हटलं तरी पुरे. ज्याला सांगायचं त्यानं सांगायचं, ज्याला न्हाय त्याला कुणी विचारायचं न्हाय. मी पण न्हाय विचारणार.”

बाहेर बाप असलेली नऊ मुलं. काल त्यातली सहा ‘आला’ म्हणाली होती.

पहिला उठला. “हजर.” आणि बसला.

दुसरी. “हजर.”

तिसरा. “हजर.”

बाई नाव पुकारत होत्या, पण आवाज खाली खाली येत होता. श्रावणीने मिस्बाहकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “हजर.” तोपर्यंत त्या सहांतली पाच मुलं नुसती हजर होती. बाईंनी पेन हजेरीपटात ठेवून तो मिटला. ही मुलं इतके दिवस काय करत होती, ते त्यांना कळलं होतं. मलाही कळलं. वर्गालाही.

मिस्बाहचं नाव राहिलं होतं. बाईंनी ते पुकारलं नाही. ती आपणच उभी राहिली. पोटावर हात होता.

“हजर,” ती म्हणाली. बसायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. “न्हाय आला. अकरा दिवस न्हाय आला. आज बारा.”

कुणी ‘येईल’ म्हणालं नाही.

अरहान उठला. “तू काल बोललीस आला! परवा पन बोललीस!”

“व्हय.”

“खोटारडी! मी घरी सांगितलं! दादीला सांगितलं!”

“तुझी अम्मी हसायची म्हनून,” मिस्बाह म्हणाली आणि रडू लागली. अरहानने दप्तर भिरकावलं आणि तो बाहेर पळाला. मुग्धा त्याच्यामागे गेली. बाई मिस्बाहजवळ जाऊन बाकावर बसल्या, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि स्वतःच डोळे पुसू लागल्या. फळ्यासमोर उरलो मी. तीस पोरं माझ्याकडे बघत होती, कारण पुस्तिकेवर माझं नाव होतं.

पी.टी.च्या तासाची काळजी असलेल्या पोराने विचारलं, “सर, टग बुडते काय?”

पुस्तिकेत लिहिलं होतं की मुलांना धीर द्यावा. मी ते मराठीत फार सुंदर लिहिलं होतं.

“बुडू शकते,” मी म्हणालो. “बुडाली असं कुणी म्हटलेलं नाही. फोनचे मनोरेही बंद असतील. मला माहीत नाही.”

“सरांना पन म्हाईत न्हाय,” तो शेजाऱ्याला म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं. मग एकेक जण बोलायला लागला. एकीची आई ‘आला’ म्हणायला सांगते, म्हणजे सावकार, शेजारी कुणी चौकशा करत नाहीत. एकाला शेवटचा मेसेज चार दिवसांपूर्वी आला, तोच तो रोज नवा म्हणून सांगत होता. गणित झालं नाही. त्या वर्गात युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

बाहेर नळापाशी अरहान बसला होता. त्याने तोंड तीन वेळा धुतलं. मुग्धा त्याच्या शेजारी उकिडवी बसून होती. तिने त्याला मिस्बाहबद्दल काहीही सांगितलं नाही, समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, “दादीला आज काय सांगशील?” तो म्हणाला, “न्हाय सांगनार. ती म्हातारी हाय.” आणि मग स्वतःचंच बोलणं ऐकून तो मुग्धाकडे बघत राहिला.

खाडीकाठच्या गावात बातमी घंटेच्या आधी घरी पोचते. दुपारी आम्ही मिस्बाहबरोबर तिच्या घरी गेलो, कारण तिला एकटीला जायचं नव्हतं. दारात अरहानची आई बसलेली, आत मिस्बाहची आई. दोघींचे डोळे लाल. मला वाटलं, आता भांडण.

“तू जागी असायचीस?” आईने विचारलं.

“व्हय.”

“रोज?”

“व्हय.”

“आनि मी सकाळी सांगायचे, हे बोलले, ते बोलले, जेवन चांगलं मिळतं…”

“गरमी हाय,” मिस्बाह म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला. “फोन तुझ्याच उशाखाली होता की गं!”

आणि ती हसायला लागली. हसणं कुठे थांबलं आणि रडणं कुठे सुरू झालं हे सांगता येणार नाही. मुलगी तिच्या कुशीत शिरली. अरहानची आई दारातून म्हणाली, “तुमच्या त्या फोनवर मी माझ्या सासूला झोपवत होते. सासू शेजारणीला. शेजारीन मशिदीत दुवा करवून आली.” एका न आलेल्या फोनवर किती घरं झोपत होती, ते त्या तिघी हिशेब लावत बसल्या. मग अरहानची आई उठली आणि म्हणाली, “आज पन चहा पिनार हाय मी. फोन न्हाय आला तरी.” आणि स्वतःच चुलीपाशी गेली.

आम्ही गुरुवारी निघालो. फाटकापाशी भारतीबाई उभ्या होत्या, हातात स्टीलचा थर्मास. काशिनाथसकट सगळ्यांना त्यांनी चहा दिला. 

ठाणे

बाईंचा फोन नऊ दिवसांनी आला. टग एका बंदराबाहेर नांगरून होती. सगळे सुखरूप, फक्त फोन बंद. मिस्बाहच्या अब्बांनी एका अनोळखी माणसाच्या मोबाइलवरून दोन मिनिटं बोलून घेतलं. अरहानच्या पप्पांनी एक मिनिट. हे लिहू का, असं मी नंतर मायलेकींना विचारलं. आई हो म्हणाली. मुलगी म्हणाली, नाव बदला आणि मला जरा हुशार दाखवा.

“पण एक गंमत सांगायची राहिली,” बाई त्या दिवशी फोनवर म्हणाल्या. “फोन आला त्या दिवशी अरहान मला कॉरिडॉरमध्येच सांगून गेला. आणि वर्गात हजेरीला ही मिस्बाह उठली. चेहरा असा कोरा. म्हणाली, हजर. आणि बसली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. हजर. तिसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, अगं, अब्बांचा फोन आलाय ना? मग सांगत का न्हाईस? आता कसली लपवालपवी?”

“काय म्हणाली?”

बाईंनी आवाज खाली आणला. मागे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता.

“म्हणाली, बाई, श्रावणीच्या पप्पांचा अजून न्हाय आला. ती माझ्या शेजारी बसते ना.”